शेजारच्या सीटवरची शांतता

सिस्टर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी आल्या, तेव्हा तीन माणसं एकाच वेळी त्यांची समजूत घालत होती आणि टीव्हीही चालू होता. कुणाचंच म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पोचणार कसं?

त्या घरात शांतता वीज गेली तरच यायची. नवरा घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा आणि जेवताना मीठ मागायलाही तोच आवाज लावायचा. सासूबाईंना मालिका ऐकू येत नाही म्हणून टीव्ही मोठा, टीव्ही मोठा म्हणून लेकीच्या मोबाइलवरचे व्हिडिओ त्याहून मोठे. आणि सिस्टर तरी काय कमी होत्या? हॉस्पिटलात सगळे त्यांना 'रेडिओ' म्हणत. सलाइन लावताना, पट्टी बदलताना, लिफ्टची वाट बघताना तोंडाची टकळी चालूच. रुग्णांना मात्र ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. सुई टोचून बाहेर आली तरी त्यांना पत्ता लागत नसे.

पण आता प्रश्न हौसेचा नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन बघायचं काम हॉस्पिटल नव्याने सुरू करत होतं आणि मेट्रननी ते सिस्टरना देऊ केलं होतं. वॉर्डात उभं आयुष्य गेलं, पण एका माणसाजवळ घटकाभर निवांत बसणं कधी जमलं नाही, ही त्यांची जुनी खंत होती. हे काम त्यांना मनापासून हवं होतं. अट एकच, गाडी स्वतः चालवायची. महिनाअखेरीपर्यंत परवाना हातात नसला, तर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार होतं.

गंमत म्हणजे गाडी त्यांना येत होती. पहिला मास्तर बडबड्या होता. "क्लच, हां, आता सोडा, आरसा बघा, शाब्बास!" त्याच्या शेजारी बसून सिस्टर झकास चालवत. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसला, हातात पेन आणि तोंडाला कुलूप. झालं! शाब्बास नाही की हळू नाही. सिस्टरची पाचावर धारण बसली आणि त्यांनी आपणच बोलायला सुरुवात केली.

"बरोबर चाललंय ना, साहेब?"

साहेब गप्प.

"तुम्हाला खोकला झालेला दिसतोय. औषध काय घेता?"

खोकल्याच्या नादात लाल दिवा कधी मागे पडला, ते त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या खेपेआधी नवऱ्याने सराव करून घेतला, म्हणजे गाडीत बसून लिलावच पुकारला. निकाल तोच लागला.

"शेजारचं माणूस गप्प बसलं की माझे हातपायच गळतात हो," सिस्टर रडकुंडीला येऊन मेट्रनना म्हणाल्या. मेट्रननी त्यांना गाडी शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला.

या बाई उतारवयाच्या, शिडशिडीत. तरुणपणी मालट्रक चालवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीतली गाणी बंद केली, दोघींचे मोबाइल मागच्या सीटवर टाकले आणि म्हणाल्या, "कुठे वळायचं ते सांगेन. बाकी एक अक्षर बोलणार नाही. फारच चुकलात तर माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे."

"मग बरोबर चाललंय की चुकतंय, ते मला कळणार कसं?"

"गाडी सांगेल."

गाडी काय सांगतेय डोंबल, असं सिस्टरच्या मनात आलं. पहिला आठवडा त्यांनी कसाबसा काढला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत घामाघूम व्हायच्या. एका दुपारी मात्र बांध फुटला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडल्या.

"बाई, वॉर्डात माणूस गेला ना, की यंत्रं आम्हीच बंद करतो. मग खोलीत जी शांतता होते, ती मला सोसत नाही. म्हणून मी बोलत सुटते. इतकी वर्षं बोलतेच आहे."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. तोंड सतत चालू असलेल्या माणसाला स्वतःशी बोलायला सवड कुठून मिळणार?

बाईंनी पाठीवर हात फिरवला नाही की चार गोड शब्द काढले नाहीत. रडून होईस्तोवर त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे कुणी गेलेलं नाही, सिस्टर. इंजिन चालू आहे. ऐका तरी."

सिस्टरनी डोळे पुसले आणि ऐकलं. खरंच चालू होतं, एका लयीत, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखं.

त्या दिवसापासून गाडी बोलायला लागली. चढावर इंजिन कण्हायला लागलं की हात आपोआप गिअरवर जायचा. मागून सायकलवाला येतोय, हे आरशात दिसण्याआधी त्याच्या साखळीच्या कुरकुरीवरून कळायचं. घरीही फरक पडला. कुणी काही विचारलं, की सिस्टर आधी ऐकून घ्यायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. "हिला ताप-बिप नाही ना गं?" सासूबाईंनी नातीला हळूच विचारलं. त्यांचं हळू शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

परीक्षेला पुन्हा तोच परीक्षक, तेच पेन. सिस्टरनी किल्ली फिरवली, इंजिन ऐकू आलं आणि जिवात जीव आला. मोठ्या चौकात त्या लाल दिव्याशी थांबल्या. दिवा हिरवा झाला. पण डाव्या अंगाच्या रस्त्यावरून, दूरवर, एक बारीकसा सूर येत होता. आयुष्यभर ओळखीचा. सिस्टरनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून चौक डोक्यावर घेतला. परीक्षकाने हिरव्या दिव्याकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं आणि पेन कागदावर टेकवलं. का थांबलोय ते सांगून टाकावं म्हणून सिस्टरची जीभ नुसती वळवळत होती. मेट्रननी देऊ केलेलं काम आता त्या पेनाच्या टोकावर होतं. तरी त्या बोलल्या नाहीत.

आणि लाल दिवा तोडून एक ॲम्ब्युलन्स त्यांच्या नाकासमोरून सुसाट निघून गेली.

परीक्षकाने पेन उचललं. परत आल्यावर तो दोनच शब्द बोलला, "पास आहात." सिस्टरनी नुसती मान डोलावली.

परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर घरची गाडी उभी होती आणि सगळी मंडळी हजर होती. "काय झालं? अगं, काय झालं?" सिस्टर हसल्या, नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. लेकीने किंकाळी मारली, सासूबाईंनी देवाला मोठ्याने हाक मारली, नवऱ्याने अख्ख्या रस्त्याला निकाल कळवला. मग सगळे आत बसले.

"हां, आता क्लच दाब, आरसा..." नवऱ्याने सुरुवात केली.

"अहो," सिस्टर अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला गाडी ऐकू द्या ना."

बायकोचा इतका हळू आवाज त्याने लग्नापासून ऐकला नव्हता. तो चपापून गप्प बसला. मागे लेकीचा मोबाइलही थांबला. सासूबाई काचेला नाक लावून रस्ता बघू लागल्या. गाडी दुकानं मागे टाकत, झाडांच्या सावलीतून चालली होती. कुणी काही बोलत नव्हतं आणि कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

घराचं वळण आलं. सिस्टर वळल्या नाहीत, सरळ पुढे गेल्या. नवऱ्याने ते बघितलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला, गाल फुगले, हात निम्मा वर आला. मग त्याने तो खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि तोंड घट्ट मिटून समोर बघत राहिला.