जमनीचं वास घेणारं यंत्र

बाभुळगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर जमनी राहते. नवरा खेमसिंग, कोरडवाहू जमीन, तिच्यात कापूस आणि तूर. तिची शाळा दहावीतच सुटली, पण मोबाइल चांगला हाताळता येतो. तांड्यावरच्या बायकांचे गॅसचे नंबर तीच लावून देते. यवतमाळहून तुरीच्या रोगांवर काम करणाऱ्या शाल्मली मॅडम आल्या आणि त्यांनी मदतीला कोणी मिळेल का विचारलं, तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव सांगितलं.

काम सोपं होतं. तुरीच्या फांदीवर पिशवी बांधायची, थोडं थांबायचं आणि पिशवीच्या नळीला हातात मावणारं यंत्र लावायचं. रोग लागला की झाड वेगळे वायू सोडू लागतं. पानं सुकायच्या आधीच यंत्र तो फरक पकडतं आणि मोबाइलवर हिरवा नाहीतर लाल रंग दाखवतं.

लाल रंग तिनं पहिल्यांदा पाहिला तो चुलत दीर देवीलालच्या वावरात.

"एवढी हिरवीगार तूर, अन् तुले रोगी दिसून राह्यली, वहिनी?" देवीलाल हसला.

"मले नाही, यंत्राले दिसते. मर रोग आहे म्हणते. पसरायच्या आधी हा कोपरा उपटून टाका, भाऊजी."

वहिनीच्या शब्दाखातर त्यानं उपटला. मग एक खोड उभं चिरलं. झाड वाळवणारी मर रोगाची बुरशी असती तर आत काळपट रेघ दिसली असती. खोड पांढरंशुभ्र होतं. दुसरंही तसंच. फुलावर आलेली ती झाडं देवीलालनं बैलांपुढे टाकली आणि जमनीशी बोलणं बंद केलं.

जमनीनं फोन केला, शाल्मली आल्या. विचारपूस केल्यावर कळलं, बांधापलीकडच्या कापसावर आदल्या दिवशी फवारणी झाली होती. औषधाच्या वासानं यंत्र फसलं असावं.

"ही काळजी मीच तुम्हाला आधी सांगायला हवी होती," शाल्मली म्हणाल्या.

"मले काय सांगता, मॅडम? भाऊजीले सांगा."

शाल्मली त्याच्याकडे गेल्या. देवीलालनं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. जमनीशी अबोला मात्र तसाच राहिला.

"देऊन टाक ते परत," खेमसिंग म्हणाला. "लोकायचं बोलणं कायले ऐकून घ्यायचं?"

जमनीलाही तेच वाटत होतं. यंत्र काही दिवस फळीवर पडून राहिलं. परत करायच्या आधी एकदा पाहावं, म्हणून ती आपल्याच वावरात गेली. आसपास कुठे फवारणी नव्हती. मधल्या ओळीत लाल रंग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

"आता आपली तूर उपटतेस काय?" खेमसिंगनं विचारलं.

"आधी एकच झाड पाहते."

तिनं ते खोड चिरलं. आत काळी रेघ होती. खेमसिंगनं ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि शेजारची झाडं उपटायला वाकला. दोघांनी ती जाळली, आजूबाजूच्या मुळांना बुरशीनाशक ओतलं. तरी एका बाजूची काही झाडं वाळलीच. बाकीची तूर शेंगांवर आली.

जमनी ते काम अजून करते. वावरात शिरण्याआधी फवारणीची चौकशी करते, आणि चिरून पाहिल्याशिवाय कोणाला उपटायला सांगत नाही. देवीलालनं यंत्र पुन्हा वावरात येऊ दिलं नाही. पुढच्या पेरणीआधी मात्र तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"मर रोग लागू नये म्हणून तू बियाण्याले लावलं, ते औषध उरलं काय, वहिनी?"

उरलं होतं. तिनं दिलं.