लॅमिनेट केलेला दाखला

कुवेतमध्ये अहमदीला मी ज्या इंग्रज साहेबांकडे स्वयंपाकाला आणि गाडीवर आहे, त्यांच्या घराण्यात लॉर्ड ही पदवी आहे. मला हे कळलं ते विलायतेत त्यांचा चुलतभाऊ वारला तेव्हा. खापरपणजोबांना राजाने दिलेली पदवी. थोरल्या मुलाला मिळाली, तो लढाईत गेला म्हणून धाकट्याला, अशी उतरत आली. चुलतभावाला मूल नव्हतं. आता पाळी साहेबांची, आणि साहेबांनंतर कोणीच नाही.

"मुलीला मिळत नाही?" मी विचारलं.

"नाही. लग्नाबाहेरच्या मुलालाही नाही."

म्हणजे आईवडिलांचं लग्न झालं होतं, हे साहेबांनी या वयात सिद्ध करायचं! ते लग्न आफ्रिकेतल्या एका चर्चमध्ये लागलेलं. पुढे चर्च जळालं, वह्याही जळाल्या. उरला होता एकच दाखला.

त्याची रंगीत प्रत काढायला साहेबांनी मला सालमियाला पाठवलं. कागद घड्यांवर फाटायला आलेला. मागे मला कावीळ झाली तेव्हा या माणसाने मला विचारून विचारून पेज शिजवली होती. त्यांच्यासाठी एवढं तरी करावं, असं वाटलं. मी सातवीत शाळा सोडली, पण शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करूनच विमानात बसलो होतो. आमच्याकडे कागद जपायचा म्हणजे दुसरं काय करतात?

दुकानदाराने विचारलं, "ओरिजिनल आहे. करू ना?"

"कर. जाड प्लास्टिक घाल."

घरी आल्यावर साहेबांनी दाखल्यावरून बोट फिरवलं. बोटाला लागणारा चर्चचा उठावदार शिक्का मशीनमध्ये सपाट झाला होता. लंडनच्या वकिलाने फोनवर सांगितलं, असा दाखला बहुतेक ग्राह्य धरणार नाहीत. मी ब्लेड आणलं, तर साहेबांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. अक्षरं सोलून निघतील."

"साहेब, शिव्या तरी द्या."

"शिव्यांनी शिक्का वर येणार आहे का? बस इथे."

दाखल्याला प्लास्टिक कोणी लावलं, का लावलं, हे लावणाऱ्याने स्वतः लिहून द्यावं, असं वकिलाचं म्हणणं होतं. साहेब म्हणाले, तुझ्या भाषेत लिही, भाषांतर करून घेऊ. मी कागद पुढे ओढला. लिहिलं: कागद फाटू नये म्हणून मीच प्लास्टिकमध्ये घातला. साहेबांनी सांगितलं नव्हतं. त्यावर शिक्का होता, मी पाहिला आहे. त्यांच्या आईवडिलांचं लग्न झालेलं होतं.

शेवटचं वाक्य मी कशाच्या जोरावर लिहिलं? तरी खोडलं नाही. खाली सही केली.