दीपमालाचे गाल

सोयरीक जुळवायला पाठवलेल्या फोटोत नवरीचा रंग उजळ केल्याचं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण नवरीच्या आईचे गाल भरून पाठवणारा माणूस चिकलठाण्यात एकच, आणि तो दीपमालाचा नवरा.

गोकुळचा फोटो स्टुडिओ आहे. मुलीचा, सोनियाचा बायोडाटा पाचोडच्या पाहुण्यांना पाठवायचा होता आणि त्यांनी सोबत घरच्यांचा एक फोटो मागितला होता. गोकुळनं तिघांचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि नेहमीच्या सवयीनं माउस हातात धरला. सोनियाला त्यानं हात लावला नाही, तिला गरजच नव्हती. स्वतःचं टक्कल आणि पोटही जसंच्या तसं ठेवलं. फक्त बायकोची बसलेली गालफडं अलगद वर उचलली, नाकापासून ओठापर्यंतच्या दोन रेघा पुसल्या आणि फोटो थेट व्हॉट्सॲपवर धाडून दिला. दीपमालानं तो नीट पाहिलाही नाही. फोटोवाल्याच्या बायकोला फोटोचं काय अप्रूप!

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मुलाची आई भागूबाई पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आल्या आणि दीपमालाकडं बघतच राहिल्या.

"ताई, राग मानू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बरं नाय का तुम्हाला? फोटोत तर चांगल्या भरलेल्या दिसत होता. घरात काय दुखणंबिखणं असंल तर आत्ताच सांगून टाका. मागनं कळलं की मनं दुखत्यात."

दीपमालाच्या हातातलं चहाचं गाळणं तिथंच थांबलं. "शुगर हाय. चार वर्षं झाली. गोळ्या चालू हायेत. दुसरं काय नाय."

"एवढंच व्हय? शुगर तर आता घरोघरी हाय," भागूबाई मोकळ्या होऊन म्हणाल्या. त्या मनानं सरळ होत्या. सोयरीक जुळली, सुपारी फुटली, मुलगा शिवराज सोनियाला आवडला आणि लग्नाची तारीख सव्वा महिन्यावर धरली गेली. सगळं छान झालं. पण पाहुणे गेल्यावर दीपमालानं सोनियाचा मोबाइल घेतला आणि तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. त्यातली बाई ओळखीची होती, पण चार वर्षांपूर्वीची.

ती नवऱ्याला काहीच बोलली नाही. रागालाही मुहूर्त लागतो, आणि घरात लग्न निघालं की तो सापडत नाही.

दीपमाला मूळची पिशोरची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा स्टुडिओ म्हणजे एक पडदा, दोन लाइटी आणि एक स्टूल. गोकुळ कॅमेऱ्यामागं उभा राहिला की तोंडातून शब्द काढत नसे, आणि समोरचं गिऱ्हाईक दगडासारखं बसे. मग दीपमालानं गिऱ्हाइकं बोलती केली. कंपनीच्या गेटपाससाठी फोटो काढायला आलेल्या कामगारांच्या कॉलरी तिनं सरळ केल्या, "भाऊ, श्वास सोडा, साहेब हितं नाय" असं म्हणून त्यांचे खांदे खाली आणले, रडणाऱ्या पोरांना चुटक्या वाजवून दाखवल्या. चिकलठाण्यातल्या निम्म्या आधार कार्डांवरचे चेहरे वैतागलेले असतील, पण गेटपासवरचे प्रसन्न आहेत, ते तिच्यामुळं. हनुवटी किती खाली, मान किती तिरकी, हे तिला बोलता बोलता कळे. लोकांच्या तोंडाकडं बघण्यात तिची तीस वर्षं गेली आणि स्वतःचं तोंड तेवढं बघायचं राहिलं.

शुगर निघाली तेव्हा सहा महिन्यांत तिचं वजन चौदा किलोंनी उतरलं. आधी गाल गेले, मग डोळ्यांखाली खड्डे आले. पुढं औषध लागू पडलं, ती पहाटे फिरायला जाऊ लागली, पूर्वी जिना चढताना लागणारी धापही गेली. शरीर सावरलं, पण गेलेले गाल काही परत आले नाहीत. भेटेल तो विचारी, "काय हो, आजारी होता का?" दीपमाला हसून वेळ मारून नेई. आता मात्र भागूबाईंचा प्रश्न तिच्या मनातून जाईना. लग्नाला सगळं पाचोड येणार, प्रत्येक जण फोटोतली विहीण शोधणार आणि ही सापडणार.

शेजारच्या कमरोद्दीन टेलरची मुलगी आमरीन शहरातल्या एका चामडीच्या दवाखान्यात कामाला होती. ती एकदा फोटो काढायला आली, तेव्हा गोकुळ बाहेर गेल्याचं बघून दीपमालानं विषय काढला.

"आमरीन, ते गालात इंजेक्शन देऊन भरत्यात म्हणं, ते खरं का?"

"फिलर? हौ ना चाची, आमच्या इथं रोज येतात लोक," आमरीन म्हणाली. "डॉक्टरीणबाई आहेत, पोस्टाच्या बाई, सगळ्या येतात. सांगत नाय कोणी, इतकंच."

"आपल्या गल्लीतली पार्लरवाली म्हणत होती, तीबी देती. दोन दिवसांचा कोर्स केलाय म्हणं तिनं."

आमरीननं दोन्ही हात कानांना लावले. "खुदा के वास्ते चाची, पार्लरमधी सुई नका घेऊ! तिथं कायतरी बिघडलं तर ती काय करणार, बर्फ लावणार? आमच्या मॅडमकडं या. घ्यायचं का नाय ते नंतर बघा, आधी सगळं विचारून तर घ्या."

दीपमाला गेली. घरी सांगितलं, लग्नाच्या पत्रिका द्यायला चाललेय. पत्रिका खरंच दिल्या, दोन, वाटेतल्या.

डॉ. केंद्रे पंचेचाळिशीच्या, जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी आधी तिचे फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. इलाजाआधीचे फोटो नोंदीला लागतात म्हणाल्या. दीपमालानं ते बघायला मागितले. लाइट सरळ होता, हनुवटी जरा वर राहिली होती, हे तिला आधी दिसलं. मग बाई दिसली. चार वर्षांत तिचा हा पहिलाच फोटो होता ज्यावर नवऱ्याचा हात फिरला नव्हता. वाईट नव्हती ती बाई, पण फार दमलेली दिसत होती. दीपमालाला तेच खुपलं. ती दमलेली नव्हतीच मुळी. पहाटे पाच किलोमीटर चालणारी बाई होती ती.

"काय हवंय तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी बरी हाय मॅडम," दीपमाला म्हणाली. "तोंड मात्र आजारी असल्यावाणी दिसतं. ते तेवढं जुळवून द्या."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला, त्यावर चेहरा काढला आणि समजावून सांगितलं. गालाच्या हाडावर एक जेल भरतात, ते आपल्या कातडीत असतंच तशा जातीचं. फरक लगेच दिसतो. वर्ष-दीड वर्षात ते हळूहळू विरघळतं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा भरावं लागतं, स्वस्त नाही. नाही आवडलं तर ते विरघळवायचं इंजेक्शन असतं. सूज येते, काळंनिळं पडतं, आठ-पंधरा दिवसांत बहुधा जातं. कधी गाठ लागते, कधी जंतू धरतात.

"आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते," त्या म्हणाल्या. "फार क्वचित, पण सुई रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरू शकते. त्याहून क्वचित, नजर जाऊ शकते. मी काळजी घेते, औषध जवळ ठेवते. तरी असं कधीच होणार नाही, हे मी म्हणणार नाही. कोणी म्हणालं तर त्याच्याकडं जाऊ नका."

दीपमालानं पदर सावरला. नजर! ज्या घराचं पोट डोळ्यांवर चालतं, त्या घरच्या बाईला हा शब्द जरा जास्तच लागतो. पण तिला डॉक्टर आवडल्या त्या याच वाक्यामुळं. माल विकायला बसलेला माणूस असं बोलत नाही.

"तुमची तीन महिन्यांची शुगर किती?"

"साडेआठ. लग्नाच्या धावपळीत गोळ्या चुकत्यात."

"म्हणजे घरात लग्न आहे. कधी?"

"एकोणतीस दिवसांनी."

"हळद असेल. तोंडाला चोळतात ना?"

"चोळत्यात? आमच्याकडं तर घासत्यात!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग नाहीच. शुगर चढलेली असताना जंतू धरायची भीती जास्त. ती उतरायला वेळ लागेल, तोवर तुमची हळद येईल. आणि नुकत्याच भरलेल्या गालावर पंधरा दिवस कोणाचा हात नको. चार बायकांनी मिळून दाबलं, तर जेल जागचं हलायचं. सातच्या आसपास शुगर आणा, लग्न होऊ द्या, मग या. नाही आलात तरी माझं काही म्हणणं नाही."

दीपमाला हिरमुसली होऊन घरी आली. पर्समधला दवाखान्याचा कागद नेमका गोकुळच्या हाती लागला. तो सुट्टे शोधत होता.

"हे काय गं?" त्यानं कागद दोनदा वाचला. "गालात सुया? डोकं फिरलं का तुझं? काय कमी हाय तुला?"

शेवटी मुहूर्त सापडला. "काय कमी हाय?" दीपमाला म्हणाली. "तुम्हीच सांगा. कमी नव्हतं तर भरलं कशाला?"

तिनं त्याला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि घरचे फोटो उघडायला लावले. भाचीचं बारसं, शिर्डी, सोनियाचा पदवीचा दिवस, दरवर्षीचा पाडवा. चार वर्षांच्या प्रत्येक फोटोत तिचे गाल गुबगुबीत होते, आणि शेजारी उभा असलेला गोकुळ मात्र वर्षागणिक म्हातारा होत गेला होता.

"माझा एकबी खरा फोटो ठिवला नाय तुम्ही," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "इतकी वंगाळ दिसते का मी?"

गोकुळ माउसकडं बघत म्हणाला, "वंगाळ नाय गं. तू तेव्हा महिन्याला दोन-तीन किलो उतरत होतीस. तोंड हितं मॉनिटरवर एवढं मोठं दिसतं. मला भ्या वाटायचं. हात आपोआप जायचा. भरलं की वाटायचं, हाय, अजून हाय ती."

दीपमालाला राग राखून ठेवायचा होता, पण तो राहीना. "मग मला सांगायचं," ती म्हणाली. "दोघं मिळून भ्यालो असतो."

त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा गोकुळनं काउंटरवर, फोटो कापायच्या मशीनशेजारी ठेवला. दोन्ही वेळा तो तिच्या हातावर गोळी ठेवी आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणे, "आधी ही."

लग्न झालं. हळदीला भागूबाईंनी दोन्ही तळवे भरून विहिणीचं तोंड असं घासलं, की दीपमालाला डॉक्टरांची आठवण येऊन हसू फुटलं. पाचोडच्या चारदोन बायकांनी विचारलं, "तब्येत उतरली वाटतं?" तिनं सांगितलं, शुगर आहे. त्यांनीही आपापली सांगितली आणि कुठल्या गोळीनं पोट बिघडतं यावर गप्पा रंगल्या. ज्याची धास्ती घेतली होती ते एवढंसंच निघालं. सोनिया सासरी गेली, दोघं रडली, मांडववाल्याच्या खुर्च्या परत गेल्या.

तीन महिन्यांनी शुगरचा रिपोर्ट आला. सहा पूर्णांक नऊ. गोकुळनं पेढा आणला, अर्धाच, आणि तोही स्वतः खाल्ला.

"आता मी दवाखान्यात जाणार," दीपमाला म्हणाली.

"कशाला? बरी तर हायेस."

"गालाचं करायला."

गोकुळचा पेढा घशातच राहिला. "आता? लग्न होऊन गेलं! आता कोणाला दाखवायचंय?"

"कोणालाच नाय. आरशात बघितलं की मला ती दमलेली बाई दिसती, आणि मी दमलेली नाय. बास."

"आणि ते नजरेचं? कागदावर लिहिलंय सगळं. मी वाचलंय."

"मीबी वाचलंय. तीनदा. शुगर उतरवली, तिथनं जंतू नकोत म्हणून दातांचं काम उरकून घेतलं, मॅडमला पुन्हा फोन करून विचारलं. भीती वाटती, खोटं कशाला बोलू! पण तुम्ही चार वर्षं माझ्या तोंडावर न विचारता काम केलं. आता मी विचारून करतेय."

गोकुळनं दुकानाचं शटर ओढलं आणि सोबत गेला.

दवाखान्यात दीपमालानं संमतीचा कागद पुन्हा ओळीवर बोट ठेवून वाचला आणि सही केली. आमरीननं तिचं तोंड पुसलं, भूल यायचं मलम लावलं, वेळ झाल्यावर ते पुसून काढलं आणि खुर्ची मागं कलवली. डॉ. केंद्रेंनी पांढऱ्या पेन्सिलीनं गालांवर खुणा केल्या. कोपऱ्यात बसलेला गोकुळ नकळत उठून तिच्या डोक्यामागं आला. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून तो त्या खुणा पाहू लागला. तीस वर्षांची सवय ती, बसू देईना.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "आमरीन सांगत होती, तुमचा तर धंदाच हा," त्या मोकळेपणी म्हणाल्या. "बोला, कुठं कमी वाटतंय? डावीकडं जरा जास्त भरू का?"

खरं तर डावीकडं किंचित कमीच होतं. दीपमालाला खुर्चीतून नवऱ्याचं तोंड उलटं दिसत होतं. त्याचा उजवा हात उचलला गेला, बोट पुढं झालं, हवेतच थांबलं. मग त्यानं तो हात खिशात घातला.

"मला नका विचारू," गोकुळ म्हणाला. "तोंड तिचं हाय."

दीपमालाला काय वाटलं ते तिचं तिलाच माहीत. डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही दाटून आलं, तीस वर्षांचं सगळं एकदमच. "थोडंच भरा मॅडम," ती कशीबशी म्हणाली. "लोकांनी वळखायला पायजे."

"भरते. पण आता अजिबात हसायचं नाही हं," डॉक्टर सुई उचलत म्हणाल्या.

सुई काही फारशी दुखली नाही. हसू दाबायलाच जास्त त्रास पडला.