ग्लास रिकामा दिसला पाहिजे

"उमेदवार बायकोचं ऐकत नाही, पक्षाचं ऐकत नाही. फोटोग्राफरचं ऐकतो," तात्यारावांनी जयाला पहिल्याच दिवशी सांगितलं. आयटीतली नोकरी सोडून ती प्रचाराचे फोटो काढायला शिकत होती. "हार घातल्या घातल्या टिपू नकोस, तोंड झाकतं. आणि चहाचा घोट झाला म्हणून कॅमेरा खाली घेऊ नकोस. माणूस त्यानंतर कळतो."

तात्यारावांना तो सत्याण्णव साली कळला होता. महापालिकेची निवडणूक होती. गावचे जमीनदार रंगराव बुद्धविहारामागच्या तात्यारावांच्या घरी मतं मागायला आले. त्यांच्या आईनं, गोदाबाईंनी, शेजारून कपबशी मागून आणली. रंगरावांनी कप ओठांना लावला. तात्यारावांनी फोटो काढला. दाराबाहेर पडताच रंगरावांनी भरलेला कप कार्यकर्त्याकडे दिला. त्यानं तो गटारात ओतला. बिस्किटांची बशी घेऊन गोदाबाई मागेच उभ्या होत्या.

तोच फोटो पत्रकावर छापला गेला. खाली ओळ होती, 'घराघरातला माणूस'.

दहा वर्षांत रंगरावांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आल्या. ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. तात्यारावांनी त्यांच्या फोटोंचं काम मागून घेतलं. पदयात्रेत बुद्धविहारामागच्या कुठल्या घरी थांबायचं, तेही त्यांनीच ठरवलं.

पहिल्या घरी काचेच्या ग्लासात चहा आला.

"साहेब, ग्लास भरलेला दिसतोय. लोक काय म्हणतील? रिकामा दिसला पाहिजे."

रंगराव प्यायले.

"फोटो हलला, साहेब. अजून एक घ्या."

जयानं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं. "काका, मस्त आलाय की!"

"आलाय ना? मग पुसून टाक."

दुसऱ्या घरी दोन ग्लास. तिसऱ्या घरीही दोन. रंगराव कुजबुजले, "अहो, शुगर आहे मला."

"मग मतं कशाला मागता, साहेब? इन्सुलिन मागा."

जया बघतच राहिली. एरवी रिक्षावाल्याशीही चढ्या आवाजात न बोलणारा हा माणूस.

शेवटचं घर तात्यारावांचंच होतं. रंगरावांनी गोदाबाईंना ओळखलं नाही. ग्लास संपवून त्यांनी पुढे केला. गोदाबाईंनी हात पदरातच ठेवले.

"मोरी तिकडं आहे."

रंगरावांनी तात्यारावांकडे पाहिलं.

"विसळा, साहेब. असा फोटो कुठल्याच उमेदवाराकडे नाही."

रंगराव खूश झाले. पांढरा लेंगा सावरत मोरीत उकिडवे बसले, कॅमेऱ्याकडे बघून हसले. दारात सगळी आळी जमली होती.

"नीट घासा," गोदाबाई म्हणाल्या. "तुमचं उष्टं आमच्या घरात चालत नाही."

नळ वाहत राहिला. रंगरावांनी मान खाली घातली.

तात्याराव पुढे झाले, गुडघ्यावर बसले.

"साहेब, इकडे बघा."

रंगरावांनी बघितलं.