गुरुबसप्पांच्या क्यूची बडदास्त

नांदेडात तेलाचं दुकान चालवणाऱ्या गुरुबसप्पांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. भूमितीचे निवृत्त मास्तर अनंतराव यांना स्नूकरमध्ये हरवायचं, एकदा का होईना. अकरा वर्षं दर रविवारी ते क्लबात जात आणि तोंड पाडून परत येत. सरावाचं मात्र नाव नाही. त्यांच्या मते सगळा दोष क्यूचा, म्हणजे ज्या लाकडी काठीनं चेंडू मारायचा तिचा.

म्हणून क्यूची बडदास्त अशी, की जावयानं जळावं. भिंतीला टेकवायचा नाही, वाकेल. उन्हात न्यायचा नाही, तडकेल. रोज तेल चोळायचं, नाहीतर सुकेल. तो कपाटात मऊ दुलईवर आडवा, आणि बायकोच्या साड्या बाहेर दोरीवर.

"माझ्या गुडघ्याला एवढं तेल चोळलं असतं ना," सिद्धम्मा म्हणायच्या, "तर मी पळत बाजार केला असता!"

यंदा क्लबाच्या वार्षिक सामन्यात समोर अनंतरावच आले. आदल्या दिवशी गुरुबसप्पांनी क्यूला नवं चामड्याचं टोक बसवायचं ठरवलं. त्याआधी लाकडाला जवसाचं तेल. खरं तर थेंबभर पुरतं, पण तेलवाल्याचा हात कसला आखडतोय! काठी टोकापर्यंत माखली, मग वर सरस लावला. तेलावर सरस धरत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण गुरुबसप्पा विचारतात कोणाला?

पहिल्याच फटक्याला टोक उडालं आणि अनंतरावांच्या चहात पडलं.

"अप्पा, साखर होती की ह्याच्यात," अनंतराव म्हणाले.

सगळा क्लब खो खो हसला. गुरुबसप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी आपला क्यू पिशवीत घातला, चेन पार वरपर्यंत ओढली आणि भिंतीवरचा क्लबाचा क्यू घेतला. तो वाकडा, खरवडलेला, दहा जणांच्या हातचा. आता हरणारच, आणि दोष द्यायला काठीही परकी. मग काळजी कसली? ते निवांत खेळत गेले. शेवटचा काळा चेंडू टेबलाच्या खिशात पडला, तेव्हा अनंतराव स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागले.

घरी सिद्धम्मा दारातच उभ्या होत्या. "काय झालं? जिंकलात काय?"

गुरुबसप्पा थेट कपाटाकडे गेले. त्यांनी क्यू कपाटात दुलईवर निजवला, दार लावलं आणि बायकोला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"जिंकलो," ते कुजबुजले. "पण हळू बोल. हरलो म्हणून सांगितलंय मी त्याला."