विमानातून दिसेल अशी बाग

आमच्या काओश्युंग शहरात विमानं इतकी खालून जातात, की गच्चीवर वाळत घातलेली चड्डी कुणाची ते प्रवाशांना ओळखू यावं. निदान माझी तरी तशी समजूत होती. म्हणूनच बायकोचं बोलणं मला लागलं. लेकीच्या बाळंतपणाला ओसाकाला पोचल्या पोचल्या आ-छिन फोनवर म्हणाली, "वरून आपलं घर दिसलंच नाही. सगळे पत्रे राखाडी."

बाळ रांगायला लागलं तरी ती परतायचं नाव घेईना. "पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायच्या सणाला येईन, थोडे दिवस. मग परत जाईन. त्या घरात आहे काय?" घरात मी होतो, पण हे उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही.

मी थियन-फू. गोदीत आयुष्यभर जहाजांना रंग फासले, त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं अशी घमेंड. म्हटलं, गच्चीवर अशी बाग करायची, की विमानातूनच बाई विरघळेल आणि परतीचं तिकीट फाडून टाकेल.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली फिकी निळी, कोवळी गुलाबी फुलं बघून मी भाळलो. गच्चीवर भर दुपारी त्यांची धुवट फडकी झाली. मग लालभडक जास्वंद आणली. माझा गोदीतला सोबती आ-हाय समोरच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो, त्याला फोन लावला.

"अरे, काय दिसतंय?"

"तू दिसतोस. टक्कल लखलखतंय."

"फुलं बघ, मेल्या!"

"फुलं आहेत होय? मला वाटलं डांबर सांडलंय."

लाल रंग दुरून काळा पडतो, हे जन्मभर लाल रंग फासलेल्या या पंडिताला साठी उलटल्यावर कळलं. त्यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे जरा जास्तच वेडा झालो. प्रत्येक कुंडी जाळीबाहेर उन्हात ठेवायची आणि रस्ता ओलांडून पलीकडून निरखायची. रोपवाटिकेची मालकीण वैतागून म्हणाली, "काका, झाड निवडताय की सून?" अखेर भगवा झेंडू, पिवळी कर्दळ आणि राणी रंगाची बोगनवेल ठरली. ऊन जितकं कडक तितकी ती पेटायची. आ-हायने कबूल केलं, "आता तुझ्या टकलाचा नंबर दुसरा."

आ-छिन यायच्या दिवशी मी सकाळपासून गच्चीवर. एकही विमान सोडलं नाही. प्रत्येकाला टॉवेल हलवला, न जाणो तिचं तेच असेल. हात भरून आले, मान आखडली.

दुपारी जिन्यात बॅग आपटत ती वर आली. घामाघूम.

"म्हाताऱ्या माकडा! विमानतळावर सगळ्यांचे नवरे आले होते. माझा कुठे होता?"

तिला आणायला जायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"इथे होतो," मी म्हणालो. "वरून दिसलं का काही?"

तिने बागेकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या टॉवेलकडे. मग म्हणाली, "विमान खाली यायला लागलं की मी डोळे गच्च मिटते. पार थांबेपर्यंत. जाताना विमान उडालं तेव्हाही मिटले होते."

"मग राखाडी पत्रे?"

"ते काय, सगळ्यांचेच असतात! घाबरले म्हटलं असतं तर तू वर्षभर हसला असतास."

हसलो असतोच. इतकी वर्षं एका ताटलीतला मासा खाल्ला आणि ही कशाला घाबरते ते मला माहीत नव्हतं. फार लाज वाटली. तिने राहावं म्हणून जे काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं राहूनच गेलं.

"परत जाशील तेव्हा मीही येतो," एवढंच तोंडातून निघालं. "जातानाही, येतानाही."

"आणि यांना पाणी?"

"आ-हाय घालेल."

तिने कर्दळीचं वाळलेलं पान खुडलं. "खिडकीपाशी तू बस," ती म्हणाली. "येताना ही बाग दिसली की माझा हात दाब. मग बघू. एकच डोळा उघडीन हं."