जागेला हात लावायचा न्हाय

बबनकाका भोईर माझ्या दुकानात यायचे तेव्हा चपला बाहेर काढून यायचे. झेरॉक्सचं दुकान आहे हो माझं, शांती नगरात, देऊळ नाही. शंभरदा सांगितलं. पण मंडळाचे कागद जिथे होतात तिथे चपला घालून कसं जायचं, हे त्यांचं म्हणणं. आता येतात तेव्हा चपला काढत नाहीत. मला ते बघवत नाही, म्हणून हे सगळं सांगतेय.

काका राई गावचे. वडील मिठागरावर होते. काका स्वतः तीस वर्षं भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारत होते. डाव्या हाताचं अर्धं बोट तिथेच राहिलं. पण त्यांना विचारा 'तुम्ही काय केलंत आयुष्यात', तर कारखान्याचं नावसुद्धा निघायचं नाही. म्हणतील, "लेफ्ट बॅक होतो." एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावातल्या दहा पोरांना धरून त्यांनी राई क्रीडा मंडळ काढलं. फुटबॉलचं. जर्सीवर वाघ नाही, सिंह नाही, निवटी. खाडीच्या चिखलात उड्या मारते ना, ती मासळी. लोक हसायचे. काका म्हणायचे, "हसा. चिखलात निवटीला कोन पकडून दावा."

माझा भाऊ जीवन त्यांच्याकडे सहा वर्षं गोलकीपर होता. आम्ही मूळचे नांदेडकडचे, राईशी आमचा संबंध काय? पण काकांनी त्याला कधी परकं केलं नाही. आशाकाकू त्याची जर्सी घरच्या कपड्यांसोबत धुवायच्या. जीवन नोकरीला नागपूरला गेला, आणि मंडळाचं ऑनलाइन काम माझ्या गळ्यात पडलं. खेळाडूंची नोंदणी, आधार, जन्मदाखले, सगळं. राईहून दोन बस बदलून काका यायचे आणि म्हणायचे, "संघप्रिया, गो, पोरांची नावं टाक."

त्यांचा जीव दोन गोष्टींत होता, मैदान आणि मंडळ. दोन्ही एकच आहेत असं ते समजायचे. मीही समजायचे. सगळं तिथेच बिनसलं.

तीन वर्षांपूर्वी मंडळ देशभरच्या लीगच्या वरच्या गटात चढलं. गावात गुलाल उडाला. मग कळलं, वरच्या गटात नुसतं खेळून भागत नाही. परवानाधारक कोच पाहिजे, फिजिओ पाहिजे, विमा पाहिजे, लहान मुलांच्या दोन टीम पाहिजेत, मुलींची एक. दरवर्षी नवा नियम यायचा आणि काका तो कागद हातात धरून माझ्यासमोर बसून राहायचे. अशातच आमच्या एका नगरसेवकांनी निकेतला आणलं.

निकेत म्हणजे एका मोठ्या कंपनीचा माणूस. तिशीचा, निळं जॅकेट, आवाज इतका मऊ की माझा पंखा बंद करावा लागायचा. कंपनीला फुटबॉलमध्ये 'काहीतरी मोठं' करायचं होतं. कोच देऊ, विमा देऊ, बूट देऊ, म्हणाला. बदल्यात काय? तर 'सहकार्य'. मी काकांना तिथल्या तिथे म्हटलं, "खाली मुंडी पाताळ धुंडी आहे हा." काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते त्याला मैदान दाखवायला घेऊन गेले, मीही गेले.

राईचं मैदान बघितलंय तुम्ही? तीन बाजूंनी टॉवर आलेत आणि मध्ये ही गावकीची सपाट जमीन, एका टोकाला गोलपोस्टमागे बाभळी. तिच्यासाठी किती बिल्डर येऊन गेले त्याची गणती नाही. दर रविवारी सकाळी काका स्वतः फक्की मारायचे, पांढऱ्या रेघा, दोरी धरून, वाकून. निकेतने मैदानाकडे बघितलंसुद्धा नाही. तो मंडळाच्या ऑफिसच्या खोलीत गेला आणि भिंतीवरच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राचा फोटो काढला. मग लीगच्या पत्राचा. मग विचारलं, "काका, अठ्ठ्याहत्तर से कंटिन्यू है ना? बीच में कभी बंद नहीं हुआ?"

"एक दिस बी न्हाय," काका छाती काढून म्हणाले.

येताना बसस्टॉपवर काका एकदम म्हणाले, "मिरा-भाईंदरला येतो नि जागा मागत न्हाय, असा मानूस तू पायलास कवा? मग याला पायजे तरी काय, गो?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी बस आली का ते बघत राहिले.

करार आला चौतीस पानांचा, इंग्रजी. वकील करू म्हटलं तर काका म्हणाले, तू हायेस की. शहाणी ना मी! रोज सातबारा काढून देते लोकांना, जमिनीचे घोळ मला तोंडपाठ. मी कॉम्प्युटरवर शोधलं: लँड. नाही. प्लॉट. नाही. ग्राउंड. एकदाच, तेही 'घरचं मैदान' म्हणून. अकराव्या पानावर 'स्पोर्टिंग राइट्स' कंपनीकडे असं काहीतरी होतं. काकांनी विचारलं ते काय. मी म्हटलं, "खेळण्याचे हक्क. म्हणजे टीम ते चालवणार." आणि पान उलटलं. ते पान मी असं उलटलं की जणू लग्नाची पत्रिका.

काकांनी तरी एक अट घातलीच. मराठीत एक ओळ पाहिजे, नाहीतर सही नाही. त्यांनी सांगितली तशी मी टाइप केली: 'मंडळाच्या जागेवर कंपनीचा कोणताही हक्क राहणार नाही.'

निकेत माझ्याच दुकानात, त्या स्टुलावर बसला होता. त्याने ओळ दोनदा वाचली. तोंडाचा रंग किंचित उतरला, मी बघितलं. मग हसला. "जगह मतलब ग्राउंड ना, काका? तो साफ लिखते हैं. मैदानाची जागा. सर्वे नंबर भी डालो. कल कोई झगडा नहीं चाहिए."

अहो, काका असे खूश झाले! समोरचा माणूस स्वतःहून सर्वे नंबर घाला म्हणतोय! काकांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी 'मंडळाच्या' खोडलं, 'मैदानाच्या' लिहिलं, सर्वे नंबर टाकला. याच बोटांनी. काकांनी सही केली आणि सगळ्यांना कटिंग चहा पाजला.

पहिला महिना दिवाळीच. नवे बूट, नव्या जर्सी. निवटी मात्र लहान झाली होती, बाहीवर गेली होती. छातीवर कंपनीचं चिन्ह. "चालंल," काका म्हणाले. पुढच्या जर्सीवर राई क्रीडा मंडळाची नुसती इंग्रजी आद्याक्षरं राहिली. मग सराव हलला, दूर कुठेतरी, प्लास्टिकच्या गवतावर. गावातली पोरं एकेक करून कमी व्हायला लागली. कुणाचा फिटनेस नाही, कुणाची उंची नाही. शेवटी उरला सूरज, आमचा स्ट्रायकर. एका संध्याकाळी तो दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, मलापण थांबवलंय. आणि टीममध्ये सगळे बाहेरचे आहेत. आमचं नावपण घेत नाही कोणी."

काकांना सांगितलं तर म्हणाले, "जागा हाय ना? मग पोरं परत येतील." आणि रविवारी रिकाम्या मैदानावर फक्की मारायला गेले. आशाकाकूंचा मला फोन आला, "अगो, खेलायला कोन न्हाय आनि ह्यो रेघा वढतंय. मना भ्या वाटतं."

जूनमध्ये नव्या हंगामाची नोंदणी उघडली. करार एक वर्षाचा आहे असं काकांच्या डोक्यात होतं. सूरजसकट बावीस पोरांची आधार कार्डं पिशवीत घालून ते आले. चपला बाहेर काढल्या. "टाक नावं."

मी पोर्टलवर मंडळाचं नाव टाकलं. काही आलं नाही. स्पेलिंग बदलून टाकलं. नाही. मग मंडळाचा नोंदणी क्रमांक टाकला, तो मला पाठ आहे. पान उघडलं. वर भलतंच चकचकीत नाव, दुसऱ्या राज्यातल्या शहराचं. घरचं मैदान, तिथलं कुठलंसं स्टेडियम. खेळाडू सगळे अनोळखी. आणि खाली लिहिलेलं: स्थापना १९७८.

साल तेवढं त्यांनी ठेवलं होतं.

मी लीगच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. तिथला कारकून चांगला होता बिचारा. त्याने समजावलं. नवा क्लब काढला तर सगळ्यात खालून सुरुवात करावी लागते, वर यायला वर्षं जातात. म्हणून मोठ्या कंपन्या वर आलेला जुना क्लब घेतात; त्याचा क्रमांक, त्याचा इतिहास, त्याची लीगमधली जागा. मग नाव बदलतात, गाव बदलतात. "तुमच्या मंडळाने जागा ट्रान्स्फर केलीय, मॅडम. सही आहे. परत मिळत नाही."

"कंची जागा?" काका ओरडले. "मी जागा न्हाय दिली! लिवून घेतलंय मी!"

"लीगमधली जागा, काका," कारकून हळू म्हणाला.

काकांनी मग निकेतला लावला. त्याने उचलला, हो, न उचलायला त्याला काय धाड भरलीय? तोच मऊ आवाज. "काका, आपकी जगह आपकी ही है. सर्वे नंबर के साथ. हमने हाथ लगाया क्या?"

काकांनी फोन ठेवला. मला वाटलं मला शिव्या घालतील. घालायला पाहिजे होत्या. मी म्हटलं, "काका, ती ओळ तुमची बरोबर होती. मी खोडली." ते बावीस आधार कार्डं एकेक करून पिशवीत परत भरत होते. म्हणाले, "तुला काय म्हाईत, पोरी. इथं जागा म्हंजी एकच." आणि चपला घालून गेले.

आता खरी गंमत ऐका. महिन्याभरात गावकीने काकांचा सत्कार ठरवला. आजूबाजूची सगळी जमीन बिल्डरांच्या घशात गेली, पण बबनने एवढी मोठी कंपनी येऊनही मैदान वाचवलं, सर्वे नंबरसकट लिहून घेतलं! मैदानावरच मंडप. तेच नगरसेवक पुढच्या खुर्चीत, निवडणुकीचं हसू घेऊन. मीपण गेले होते. काकांनी सदऱ्याच्या आत जुनी जर्सी घातली होती. गळ्याशी तिची पिवळी कड दिसत होती.

शाल घातली, नारळ दिला, 'जागा वाचवणारा माणूस' म्हणून टाळ्या झाल्या. कुणीतरी माइक पुढे केला. काकांनी तो अर्ध्या बोटाच्या हातात धरला. मग म्हणाले, "अकरा जनांची जागा व्हती. ती मी दिली. ही माती ठेवली."

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. आणखी जोरात टाळ्या वाजल्या. पहिली टाळी नगरसेवकांची होती. मागे सूरज खाली मान घालून उभा होता, आणि मंडपाच्या खांबांमध्ये आदल्या रविवारी मारलेली फक्की लोकांच्या पायांनी पुसत चालली होती.